नेणाऱ्याची सही

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत
माझ्या दाराला अजून पाटी नाही.
लोक चपलांवरून घर ओळखतात:
बोटाएवढ्या, उलटसुलट,
एक हमखास तुळशीच्या कुंडीत.

परवानगीआधी तपासणीला आले एक सुभेदार नि एक मॅडम.
मॅडमनी जिन्याच्या गजांतून स्वतःची मूठ घालून पाहिली,
प्लगवरच्या पट्ट्या, फिनेल कुठल्या फळीवर,
गॅसची नळी बदलल्याची तारीख.
"आग लागली तर?"
आधी पोरं मोजीन. बाहेर नेईन. पुन्हा मोजीन.
"मग?"
मग तिसऱ्यांदा मोजीन.
सुभेदारांनी काहीतरी लिहून घेतलं,
वर पाहिलं नाही, पण मिशी हलली.

आमचे हे तोफखान्यातले.
उजवा कान तोफेनं ठेवून घेतला,
बाकीचा माणूस पेन्शनीवर परत दिला.
पोरांना ते पहिल्याच आठवड्यात कळतं;
गुपितं सगळी डाव्या खांद्यावर चढून सांगतात.

रेंजवर फायर असला की
खिडकीची काच आधी ऐकते, मग आपण.
तान्ही दचकतात, झोपेत हात फेकतात.
मी सांगते, वरच्या मजल्यावरचे काका कपाट सरकवतायत.
आम्हाला वरचा मजला नाही.
"एवढी वर्षं सरकवतायत," सेल्वी म्हणाली, साडेतीन वर्षांची,
"त्यांचं घर लागणार कधी?"

बंगाल्यांचा ऋतो मला माशी म्हणतो.
त्यांच्यात मावशीच ती, पण शेजारच्या शेवंताबाई
अजून पदराआड हसतात.
आमच्याकडे पाण्याला चार नावं आहेत:
पाणी, जोल, तण्णी, तुई.
रात्री अर्धवट झोपेत कुणी कुठलंही मागितलं
तरी माझा हात तांब्याकडेच जातो.

तुई म्हणणारी रिनपुई.
आई बिटको चौकाजवळच्या दवाखान्यात नर्स,
आठवड्यातून तीन रात्री.
बाप वर. "वर" म्हणजे बर्फात; इथे कुणी जास्त विचारत नाही.
रिनपुईच्या हिशेबानं बाप वितीएवढा होता,
मोबाइलमध्ये राहायचा,
रेंज गेली की जेवायला जायचा.
तिनं त्याला एकदा वरणभात भरवला.
काच मी ओल्या फडक्यानं पुसली,
तो पलीकडे तोंड पुसल्यासारखं करत होता.

मग एका गुरुवारी तो दारात उभा,
सबंध.
चौकटीएवढा, पाठीवर सॅक, बुटांना कुठलीतरी लाल माती.
ती किंचाळली नाही. माझ्या मागे गेली
आणि पदराची गाठ झाली तिच्या मुठीत.
बिचारा हात पुढे करून तसाच राहिला,
पाच महिने पाठ केलेलं सगळं विसरलेला.

मग काय सुचलं त्याला, फाटकाबाहेर गेला,
शेवग्याखाली उभा राहिला,
आणि माझा फोन वाजला.
ती धावली. पडद्यावर वितीएवढा बाप,
मागे शेवगा.
तिनं पडदा पाहिला. दारातून शेवगा पाहिला.
पुन्हा पडदा.
फोन छातीशी धरून एक पायरी उतरली,
दुसऱ्या हातात माझा पदर तसाच ताणलेला.

तिथे मी वाकले आणि एकेक बोट सोडवलं.
करंगळी शेवटी सुटली.
तीन दिवसांच्या शिबिरात शिकवलं होतं,
घशात घास अडकला तर काय, ताप चढला तर काय.
हे नव्हतं शिकवलं.

वहीत रकाने आहेत: नाव, आणल्याची वेळ,
खाल्लं काय, झोपलं किती, नेणाऱ्याची सही.
त्यानं सही केली, फार जपून,
पेन कागदावर जोरात दाबत,
कुणी परत मागेल अशा भीतीनं.

जूनमध्ये त्यांची पोस्टिंग आली. पेट्यांवर नाव-नंबर रंगवून झाले.
एक चप्पल कुंडीत राहिलीय, निळी.
असू दे.

सोमवारी नवा येतोय, दहा महिन्यांचा, कन्नूरचा.
त्याच्या आईला विचारून ठेवायला हवं
ते लोक पाण्याला काय म्हणतात.